सोलापूरच्या माळावर पक्षी-अभ्यासाच्या जागा काढा, आणि जाहिरात पूर्ण लिहा

प्रति,
मा. कुलगुरू, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ,
प्राणिशास्त्र अभ्यास मंडळाचे सदस्य,
आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभागप्रमुख

विषय: रानपक्ष्यांच्या वर्तनाच्या व परिसराच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष फील्डवर्कच्या जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पक्ष्यांवर काम करायची इच्छा असलेला सोलापूरचा बी.एस्सी.चा विद्यार्थी आज काय करतो? कोइमतूरचं सॅकॉन हे पक्षी-संशोधन केंद्र, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) यांच्या जाहिराती धुंडाळत बसतो. पात्रतेच्या रकान्यात बहुधा एक ओळ असतेच: फील्डवर्कचा पूर्वानुभव असल्यास प्राधान्य. हा पूर्वानुभव आणायचा कुठून? बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे, शहराला लागून हिप्परग्याचा तलाव आहे, करमाळ्याच्या कडेनं उजनीचं पाणी पसरलंय. तरीही पदवी हातात पडेपर्यंत त्यानं एक पक्षी सलग तासभर, घड्याळ लावून पाहिलेला नसतो.

सहली निघतात, नाही असं नाही. बस अकराच्या सुमाराला उजनीच्या काठावर पोचते, रोहित दिसतात, फोटो निघतात, अहवालाला पक्ष्यांची यादी जोडली जाते. बुद्धपौर्णिमेला वन विभागाच्या मचाणावर रात्र काढणंही छानच. पण एका रात्रीत पाणवठ्यावर काय आलं याची नोंद म्हणजे वर्तनाचा अभ्यास नव्हे. तेच ठिकाण, तीच वेळ, तीच पद्धत, आणि हे आठवड्यामागून आठवडे, असं चाललं तरच हाती काही लागतं. त्याला हौस पुरत नाही, माणूस नेमावा लागतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: विद्यापीठानं दर वर्षी फील्ड सहायकांच्या मोजक्या, पण मानधनाच्या जागा काढाव्यात, आणि त्यांची जाहिरात अशी लिहावी की वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये.

आधी विषयाबद्दल. अभयारण्य १९७९ सालचं आणि नाव माळढोकाचं, त्यामुळे नान्नज म्हटलं की प्रकल्पाचं शीर्षक आपोआप तयार होतं. हा मोह टाळा. माळढोक तिथं दिसणं आता नशिबाची गोष्ट झाली आहे. एका खेपेला बहुधा एकच अंडं घालणारा हा पक्षी विद्यार्थ्यांच्या प्रबंधासाठी नाही. त्याच्यामागे फिरणारी माणसं जितकी कमी तितकं बरं. त्याच माळावर धाविक आहे, पखुर्डी आहे, डोंबारी चंडोल आहे, पिवळ्या गालाची टिटवी आहे, हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात. माळढोकाला लागतो तसाच उघडा माळ यांनाही लागतो, आणि यांच्या नोंदी एका हंगामात पुरेशा जमतात. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि उघड्या माळरानांवरचे पक्षी घटत चालल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जिल्ह्यातल्या माळांवर वृक्षारोपणाचे खड्डे पडत असताना आपल्याकडे या पक्ष्यांच्या विणीचे आकडे असू नयेत, हे विद्यापीठाला शोभत नाही.

पिवळ्या गालाच्या टिटवीचंच घ्या. मार्च ते जून हा तिचा मुख्य हंगाम. उघड्या मुरमाड जमिनीवर नुसत्या खळग्यात बहुधा चार अंडी, सुमारे २८ दिवस उबवण. काम वरवर सोपं: घरटी शोधायची, पिल्लं निघाली का ते पाहायचं. चुकतं ते हिशोबात. समजा दहा घरटी सापडली, त्यांतली चार बुडाली, म्हणजे पिल्लं न निघताच वाया गेली. विद्यार्थी लिहितो, यश ६० टक्के. पण घालताक्षणी बुडालेली घरटी त्याला सापडलेलीच नसतात. सापडतात ती आधीच बरेच दिवस तगलेली. म्हणून घरटी न मोजता घरट्यांचे दिवस मोजायचे. ही मेफिल्डची पद्धत १९६१ पासून वापरात आहे. दहा घरट्यांवर मिळून १०० दिवस लक्ष ठेवलं आणि चार बुडाली, तर एका दिवसाला तगण्याचा दर ०.९६. असे २८ दिवस तगायचं म्हणजे ०.९६ चा २८ वा घात, म्हणजे सुमारे ०.३२. साठाचे बत्तीस झाले. नोंदवहीत घरटं सापडल्याची तारीख, प्रत्येक भेटीची तारीख आणि शेवटचं जिवंत दिसल्याची तारीख नसेल, तर हा हिशोब नंतर कुणालाही करता येत नाही.

घरट्याजवळ जाण्याचीही शिस्त आहे, आणि ती कागदावर लिहून द्यायला हवी. रोज जायचं नाही. तीन-चार दिवसांनी एकदा, तेही शक्यतो २०-३० मीटरवरून दुर्बिणीनं. जवळ जावंच लागलं तर थेट घरट्यापर्यंत जाऊन मागे फिरायचं नाही, बाजूनं चालत पुढे निघून जायचं, म्हणजे वास आणि पायवाट घरट्यापाशी संपत नाही; नाहीतर कुत्रं किंवा मुंगूस त्याच वाटेनं येतं. खुणेला झेंडी, रंगीत फीत काही लावायचं नाही, कावळे लगेच शिकतात. दहा मीटरवर एखादा धोंडा आणि मोबाइलवर जीपीएसचा बिंदू पुरे. सकाळी साडेनऊनंतर आणि दुपारी साडेचारच्या आत घरट्यावरच्या पक्ष्याला अजिबात उठवायचं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. तिला दहा-पंधरा मिनिटं दूर ठेवलं की अंडी भाजतात. अभ्यास करणाऱ्यानंच घरटं बुडवलं आणि ते ‘नैसर्गिक अपयश’ म्हणून नोंदलं गेलं, असं नको.

दुसरा विषय सुगरणीचा. खर्च जवळजवळ शून्य, आणि तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयालाही जमणारा. विहिरीवर वाकलेली बाभूळ, ओढ्याकाठची शिंदी, कुठंही वसाहत मिळते. नर आधी फांदीच्या टोकाला पात्यांची गाठ मारतो, मग कडं विणतो, मग वरून छप्पर चढवून घरट्याला शिरस्त्राणासारखा आकार देतो आणि तिथं थांबतो. कड्यावर लोंबकळून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादीनं पसंत केलं तर अंड्यांचा कप्पा आणि खालची नळी पुरी होते. नाही केलं तर अर्धवट घरटं तसंच लोंबत राहतं आणि तो शेजारी नवं सुरू करतो. एक घर मार्गी लागलं की दुसरी मादी. एकामागून एक अशा जोड्या जमवायची ही रीत सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला उलगडली, आणि त्यांचं मुख्य साधन शिडीवरचा आडोसा आणि चिकाटी हेच होतं.

विद्यार्थ्यानं करायचं ते असं. जूनअखेर वसाहतीचं एक रेखाटन काढायचं, प्रत्येक घरट्याला क्रमांक द्यायचा, आणि दर आठवड्याला त्याच वारी, सकाळच्या पहिल्या दोन तासांत, प्रत्येक क्रमांकापुढे अवस्था लिहायची: गाठ, कडं, शिरस्त्राण, कप्पा, पूर्ण नळी, पडलेलं. सप्टेंबरपर्यंत हे केलं की किती घरटी पसंत पडली, फांदीची उंची, पाण्यापासूनचं अंतर, काटे यांचा त्याच्याशी संबंध काय, हे सांगता येतं. घोळ होतो तो क्रमांकांत. वाऱ्यात फांदी फिरते, एका घरट्याला लागून दुसरं येतं, आणि तिसऱ्या आठवड्यात १४ आणि १५ कोणतं हे कळेनासं होतं. म्हणून दर वेळी ठरलेल्या एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि छापील फोटोवर क्रमांक घालायचे. रिकामं घरटं हलवून पाहायचा, तोडून दिवाणखान्यात टांगायचा उद्योग मुळीच नको.

तिसरा हिवाळ्यातला. उजनीवर येणाऱ्या पट्टकदंबांचा थवा किती वेळ चरतो, किती वेळ मान वर करून पाहतो, होडी आली की काय करतो. यासाठी दर दहा मिनिटांनी थव्यावरून डावीकडून उजवीकडे स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) फिरवायचा आणि प्रत्येक पक्षी त्या क्षणी काय करतोय ते बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं. लिहायला मान खाली घातली की ओळ तुटते. डोळा हलणाऱ्या पक्ष्याकडे ओढला जातो, झोपलेले सुटतात. आणि काठाकडचेच पक्षी मोजले तर सावधपणाचं प्रमाण फुगतं, कारण थव्याच्या कडेचे पक्षी मधल्यांपेक्षा जास्त वेळा मान वर करतात. जो दिसत नाही तो ‘दिसत नाही’ असाच लिहायचा, अंदाजानं ‘विश्रांती’त ढकलायचा नाही.

दोन सहायक असतील तर हंगाम सुरू होण्याआधी दोघांनी एकच थवा तासभर वेगवेगळा नोंदवावा आणि नोंदी ताडून पाहाव्यात. शंभरातल्या ऐंशी जुळल्या म्हणून खूश होऊ नये: थव्यातले बहुतेक पक्षी झोपलेलेच असतील तर दोघं डोळे मिटून बहुतेक वेळा ‘विश्रांती’ म्हणाले तरी नुसत्या योगायोगानं ऐंशी जुळतील. म्हणून योगायोगाचा वाटा वजा करणारा कोहेनचा कप्पा गुणांक काढायचा. एवढं एक प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात आलं तरी वर्तनाच्या प्रबंधांचा दर्जा बदलेल.

भोवत्यांच्या रात्रीच्या वस्तीची मोजणीही याच हंगामातली. मॉन्टेग्यूचा भोवत्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून इथं येतो, दिवसभर माळावर टोळ-नाकतोडे टिपतो आणि संध्याकाळी इतरांबरोबर गवतात उतरतो. उतरणारे पक्षी शंभर-दीडशे मीटरवरून मोजायचे, गवतात शिरायचं नाही. त्यांनी ओकलेल्या न पचलेल्या अन्नाच्या गोळ्या गोळा करायच्या त्या सकाळी सगळे उडून गेल्यावर.

चंडोलांची घनता काढायची हौस असलेल्यांना एक इशारा. सरळ रेषेत चालत, दिसलेल्या पक्ष्याचं रेषेपासूनचं लंब अंतर मोजण्याची पद्धत चांगली आहे, पण तिला एका जातीच्या किमान ६० ते ८० नोंदी लागतात. डोंबारीच्या मिळतील, धाविकाच्या एका विद्यार्थ्याला एका हंगामात बहुधा मिळणार नाहीत. अंतर पक्षी पहिल्यांदा दिसला त्या जागेचं घ्यायचं, उडून बसला तिथलं नाही. आणि अंदाजानं लिहिलेली अंतरं १०, २०, ५० वरच येऊन साचतात. पहिल्या आठवड्यात जमिनीत खुंट्या ठोकून २०, ५०, १०० मीटरची नजर तयार करून घ्यावी किंवा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) द्यावा.

आता वेळापत्रक, जिथं खरी अडचण आहे. टिटवीचा हंगाम परीक्षांत सुरू होतो आणि सुट्टीत संपतो, आणि सुट्टीत वसतिगृह बंद. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून शिकायला आलेल्या मुलानं मे महिन्यात राहायचं कुठं? सुगरणीचा हंगाम सत्राच्या सुरुवातीला चपखल बसतो, कदंबांचा आणि भोवत्यांचा हिवाळी परीक्षेनंतर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत; प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले तर दोन श्रेयांकांचे ६० तास होतात. सुगरणीच्या दोन वसाहती, प्रत्येकीला आठवड्याला तीन तास आणि दहा आठवडे, एवढ्यात ते भरतात. म्हणजे हा प्रकल्प श्रेयांकांवर चालेल. टिटवीचा चालणार नाही. त्याला पगारी माणूस आणि मे-जूनमध्ये उघडी राहणारी वसतिगृहाची एक-दोन खोल्यांची सोय लागेल.

पैशांचा हिशोब आम्हीच मांडतो. दोन सहायक, प्रत्येकी महिना १५,००० रुपये, चार महिने: १,२०,०००. सोलापूर-नान्नज जाऊन-येऊन एका मोटारसायकलला रोज साधारण लिटरभर पेट्रोल, महिन्याला वीस फेऱ्या: चार महिन्यांचे नऊ हजारांच्या आसपास. ८×४२ च्या दोन दुर्बिणी, कामचलाऊ चांगल्या: वीस हजार. वह्या, पेन्सिली, प्रथमोपचार, अपघात विमा: पाच-सहा हजार. एकूण दीड लाखाच्या थोडं वर. एखाद्या चर्चासत्राच्या मांडवाला आणि जेवणावळीला याहून जास्त जातात, हे आपण आमच्यापेक्षा चांगलं जाणता.

मानधनाशिवाय जागा काढू नका. विनामोबदला जागा म्हणजे ज्याच्या घरी गाडी आणि पैसा आहे त्याच्यासाठी राखीव जागा. पक्ष्यांचं काम उजाडताना सुरू होतं; जानेवारीत सातला, मे महिन्यात सहाच्याही आत. एसटीवर विसंबणाऱ्याची सकाळ रस्त्यातच जाते. मोटारसायकल द्या, नाहीतर नान्नज गावात भाड्यानं खोली घ्या. गावातला एखादा मेंढपाळ पोरगा सहायक म्हणून घेतलात तर आणखी उत्तम. चंडोलाचं घरटं कुठल्या गवताच्या बुडाशी असतं हे त्याला आमच्या आधी दिसतं. नोंद कशी ठेवायची तेवढं शिकवायचं.

परवानगीचं काम विद्यार्थ्यावर ढकलू नये. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ते कार्यालय नागपूरला. पक्षी पकडायचा असेल तर कलम १२, वेगळा अर्ज. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीनं, हंगामाच्या किमान चार महिने आधी जावा. त्यात पद्धत, माणसांची नावं, गाडीचा क्रमांक, तारखा, सगळं असावं, कारण एक नाव बदललं तरी पुन्हा पत्रव्यवहार. अभयारण्याबाहेरच्या गायरानावर आणि पडीक रानांवर याच जाती आहेत. तिथं ग्रामपंचायतीला आणि शेतमालकाला आधी भेटलं की काम सुरू होतं. पहाटे दुर्बीण घेऊन रानात फिरणाऱ्या दोन अनोळखी पोरांना गाव काय समजेल याचा विचार करा आणि विद्यापीठाच्या शिक्क्याचं मराठीतलं पत्र व ओळखपत्र द्या.

सुरक्षेचं थोडक्यात. एकट्यानं फील्डवर जायचं नाही. गटात मुली असतील, आणि असायलाच हव्यात, तर निदान दोघी असाव्यात आणि शौचालयाची सोय असलेला मुक्काम आधी पाहून ठेवावा. घोटा झाकणारे बूट, कारण गवतात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, सुती फिकट मातकट कपडे. डब्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. उन्हात न विटणारं याहून चांगलं काही नाही. उजनीवर होडीत लाइफ जॅकेटशिवाय पाऊल नको, मच्छीमार कितीही जुना असो.

जाहिरातीचा मसुदा आम्ही देतो, त्यात आपण फेरफार करा:

“पिवळ्या गालाच्या टिटवीच्या विणीचा अभ्यास. फील्ड सहायक, दोन जागा. कालावधी १५ मार्च ते १५ जुलै. कामाची जागा: नान्नज परिसर, अभयारण्याच्या बाहेर. वेळ: पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि दुपारी साडेचार ते सात, आठवड्यातून पाच दिवस, दुपारी नोंदी संगणकावर भरणे. मानधन दरमहा १५,००० रुपये, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँक खात्यात. मोटारसायकल, पेट्रोल, दुर्बीण, मुक्काम आणि अपघात विमा विद्यापीठाकडून. काम उन्हातलं, पायी रोज सहा-आठ किलोमीटर. पदवीची अट नाही. मराठी लिहिता येणं आवश्यक. पूर्वानुभवाची अट नाही. पहिले दहा दिवस प्रशिक्षण. निवड माळावर, दोन तासांच्या प्रत्यक्ष चाचणीनं. नोंदवह्या विद्यापीठाच्या, प्रत सहायकाकडे. विश्लेषणात आणि लेखनात सहभागी होणाऱ्या सहायकाचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत. फक्त नोंदी घेणाऱ्याचं नाव ऋणनिर्देशात.”

शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. उन्हात चार महिने घालवलेल्या पोरानं छापून आलेल्या निबंधात आपलं नाव शोधावं आणि ते नसावं, यावरून अनेक चांगली माणसं या कामातून कायमची बाहेर पडतात. आणि नोंदवहीची प्रत त्याच्याकडे असली की पुढच्या मुलाखतीत दाखवायला त्याच्याजवळ काहीतरी राहतं.

माळावरच्या चाचणीत जातींची नावं पाठ आहेत का हे पाहू नका. तासभर एका कोतवाल पक्ष्यावर नजर ठेवायला सांगा आणि मिनिटामिनिटाची नोंद मागा. ज्याच्या वहीत ‘दिसला नाही’ असं प्रामाणिकपणे चार-सहा वेळा लिहिलेलं असेल, त्याला घ्या.

निवड झालेल्यांच्या घरट्यांच्या नोंदी सार्वजनिक संकेतस्थळांवर अचूक ठिकाणासह टाकू नयेत, घरट्यावरचे फोटो समाजमाध्यमांवर घालू नयेत आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत, हे नियुक्तिपत्रातच असावं. रोजच्या साध्या पक्षीनोंदी मात्र ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर जाव्यात: पूर्ण यादी, किती मिनिटं, किती अंतर, आणि ‘एक्स’ (न मोजता नुसती हजेरी) ऐवजी आकडा. फेब्रुवारीत देशभर चार दिवस होणारी कॅम्पस पक्षीगणना विद्यापीठाच्या केगावच्या आवारात केलीत तर नव्या मुलांचा हात तिथंच बसेल.

येत्या मार्चचा हंगाम धरायचा असेल तर अभ्यास मंडळाच्या डिसेंबरच्या आतल्या बैठकीत विषय यायला हवा, जानेवारीत जाहिरात, फेब्रुवारीत चाचणी. प्रशिक्षणाचे पहिले दहा दिवस, ओळख, अंतराची नजर आणि नोंदवही यांसाठी, आम्ही विनामूल्य यायला तयार आहोत. प्रवासखर्च नको. बैठकीची तारीख तेवढी कळवावी.

आपले नम्र,
सोलापूर जिल्ह्यातील पक्षी-अभ्यासक

प्रत माहितीसाठी: मा. उपवनसंरक्षक, सोलापूर